संत्र्याच्या साली घरीच जिरवा

संत्र्यांचा हंगाम आला की नागपुरात घरोघरी सालींचा ढीग पडतो. तो भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाकडे कशाला धाडायचा? घरीच त्याचं खत करा. बुडाला भोकं पाडलेल्या जुन्या माठात वाळका पाला पसरा, वर बारीक तुकडे केलेल्या साली आणि भाजीची देठं, त्यावर दुप्पट पाला. साली एकदम ओतू नका. त्यांतल्या तेलामुळे कुजणं मंदावतं. वास आला तर पाला वाढवा. फाल्गुन-चैत्रात रस्त्यावर गळणारा पाला लोक जाळतात, फार वाईट वाटतं. तोच पोत्यात भरून ठेवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की खत कोरडं पडतं, तेव्हा माठ सावलीत हलवून पाण्याचा हबका मारत राहा. उरलेल्या साली कडक वाळवून दळल्या की उटण्याला चालतात.