‘यील्ड’ या शब्दाचा उतारा कसा काढावा

नाशिक जिल्ह्यात ‘उतारा’ हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. कांद्याचा एकरी उतारा, तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा, प्रश्नपत्रिकेतील उतारा, विषावरचा उतारा आणि अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा, हे अर्थ आपण यादी करून पाठ केलेले नसतात. शेजारचा शब्द पाहून योग्य तो अर्थ आपोआप कळतो. इंग्रजी शब्द शिकताना मात्र आपण ही रीत सोडतो आणि वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द लिहून मोकळे होतो. ‘यील्ड’ असा शिकला तर तो निम्म्या ठिकाणी दगा देतो.

सुरुवात ओळखीच्या जागेपासून करावी. निफाड किंवा दिंडोरीच्या बागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जी द्राक्षे हाती येतात, त्यांचे एकरी प्रमाण म्हणजे यील्ड. येथे ‘उत्पादन’ हा प्रतिशब्द लिहिण्याचा मोह होतो आणि तेथेच घोटाळा होतो, कारण मराठीत एकूण मालालाही उत्पादन म्हणतात आणि एकरी मालालाही. एका अर्जातील ‘यील्ड पर एकर’ या रकान्यात मी स्वतः तीन एकरांचा सगळा माल, म्हणजे तीस टन, लिहून दिला होता. तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने अत्यंत शांतपणे विचारले की, एका एकरात तीस टन द्राक्षे धरणारी वेल कोणती. तीस टन हे प्रॉडक्शन होते, यील्ड होते एकरी दहा टन. म्हणून वहीत ‘उत्पादन’ असे न लिहिता ‘एकरी उतारा’ असे लिहावे.

शब्द तोंडाने म्हणायलाही शिकावा. आपल्याकडे आरंभीचा ‘यी’ सहज ‘ई’ होतो आणि ‘ईल्ड’ ऐकू येते. ‘वर्ष’ या अर्थाचा यिअर आणि ‘कान’ या अर्थाचा इअर यांत होते तशीच ही गल्लत आहे. आधी नुसता ‘य’ म्हणून मग ‘ईल्ड’ जोडावे, चार-पाच वेळांत जीभ वळते.

यानंतर वाक्यात या शब्दाच्या मागे-पुढे काय येते ते पाहावे, आणि खरा अभ्यास हाच आहे. क्रियापद म्हणून वापरताना त्याच्यापुढे थेट एखादी वस्तू आली, तर अर्थ बहुधा ‘देणे, हाती लागणे’ असा असतो: ‘द सर्च यील्डेड नथिंग’, म्हणजे शोधातून काहीच हाती आले नाही. त्याच्यापुढे ‘टू’ आले, की अर्थ ‘नमते घेणे’ असा होतो: ‘ही यील्डेड टू प्रेशर’, म्हणजे तो दबावापुढे झुकला. अमेरिकेत रस्त्यावरील उलट्या त्रिकोणाच्या पाटीवर ‘यील्ड’ असे लिहिलेले असते, ते याच अर्थाने: समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्या. आपल्याकडे त्या पाटीला ‘गिव्ह वे’ म्हणतात, आणि नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात सायंकाळी उभे राहिल्यास दोन्ही शब्दांचा अर्थ त्यांच्या अभावातून नीट समजतो.

पीक देणे आणि झुकणे हे दोन अर्थ परस्परांपासून लांबचे वाटतात, पण हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘देणे चुकते करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. पैशाला असलेला जर्मन शब्द ‘गेल्ट’ त्याच्याच कुळातला. जमीन शेतकऱ्याचे देणे फेडते, हरलेला जिंकणाऱ्याला देणे देतो, असे लक्षात ठेवले म्हणजे दोन्ही अर्थ एका दाव्याला बांधता येतात.

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्याला तिसरा अर्थ भेटतो. लोखंडी सळई तपासणीच्या यंत्रात ओढली, तर काही मर्यादेपर्यंत ती ताण सोडताच पूर्ववत होते. त्यापुढे ती कायमची लांबते. त्या मर्यादेइतक्या ताणाला यील्ड स्ट्रेंग्थ म्हणतात. घराच्या बांधकामासाठी आणलेल्या ‘एफई 500’ सळईतील 500 हा आकडा तोच असून तो दर चौरस मिलिमीटरला किमान 500 न्यूटन असा वाचायचा असतो. येथे धातू ‘नमतो’, म्हणजे अर्थ झुकण्याच्याच घरातला आहे.

बँकेतील यील्ड मात्र पुन्हा द्राक्षबागेकडे जातो. वर्षाला सात रुपये व्याज देणारा शंभर रुपयांचा रोखा, म्हणजे बाँड, साडेसत्त्याऐंशी रुपयांना मिळाला, तर मुदतीअखेरच्या परतफेडीचा हिशेब बाजूला ठेवल्यास यील्ड आठ टक्के होतो. व्याज तेच राहिले, किंमत घटली, म्हणून उतारा वाढला.

वहीत या शब्दासाठी एक अख्खे पान ठेवावे आणि त्यावर अर्थाऐवजी आपल्या परिसरातील वाक्ये लिहावीत: एक शेताचे, एक ‘टू’ असलेले, एक सळईचे, एक रोख्याचे. शंका आल्यास उदाहरणे देणारा शब्दकोश पाहावा. 1840 सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरातच आहे. आठवड्याने ते पान झाकून ‘द गेट डिड नॉट यील्ड’ हे वाक्य स्वतःला विचारावे. त्यात पुढे वस्तूही नाही आणि ‘टू’ही नाही, तरीही अडकलेले दार ढकलूनही हलले नाही असा अर्थ लागला, आणि तो लावताना सळई आठवली, तर पान पुढे उलटण्यास हरकत नाही.