हस्तलिखित व दुर्मीळ ग्रंथ विभागात काम करताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखिते, दुर्मीळ छापील ग्रंथ आणि देणगीदाखल आलेली खासगी कागदपत्रे सांभाळणाऱ्या विभागात येणारा साहाय्यक बहुधा देवघेव विभागातून बदलून आलेला असतो. पुस्तक हाती आले की शिक्का मारायचा, चिठ्ठी डकवायची, पान फाटले असेल तर चिकटपट्टी लावायची आणि नोंदवहीत ओळ भरून मोकळे व्हायचे, ही तेथे अंगवळणी पडलेली पद्धत या विभागात जशीच्या तशी आणली की नुकसान होते. किंबहुना येथील बरेचसे नुकसान कामसू माणसाच्या हातूनच होते, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त निस्तरावी लागणारी चूक पोथीच्या पानांच्या बाजूंची आहे. सुट्या पानांच्या देवनागरी पोथीत पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, बहुधा पानाच्या पाठीमागच्या बाजूस, समासात लिहिलेला असतो आणि त्याच्या जवळच ग्रंथाचे नाव संक्षेपाने दिलेले असते. पहिल्या पानाची पुढची बाजू अनेकदा कोरी ठेवलेली असते किंवा तिच्यावर केवळ नाव असते, म्हणजे मजकूर सुरू होतो तो पाठीवरून. छापील पुस्तकाची सवय असलेला माणूस आकडा दिसतो ती बाजू पुढची समजतो आणि त्याच क्रमाने छायाचित्रे घेतो; परिणामी प्रत्येक पानाच्या दोन बाजूंची उलटापालट होऊन सबंध ग्रंथाचे वाचन मोडते. स्कॅनिंग सुरू करण्यापूर्वी एका पानाचा शेवटचा शब्द पुढच्या बाजूच्या पहिल्या शब्दाशी जुळतो का, हे चार-पाच ठिकाणी ताडून पाहावे आणि फायलींना १अ, १ब, २अ, २ब अशी नावे द्यावीत. चूक आधीच झालेली असेल, तर मूळ फायली पुसू नयेत. त्यांची प्रत काढून तिच्यात नावे बदलावीत आणि तशी नोंद ठेवावी. कोरी पाने, वेष्टने आणि लाकडी फळ्या ‘यावर काही नाही’ म्हणून वगळणे हीसुद्धा चूकच आहे, कारण मालकाचे नाव किंवा लेखनिकाचा हिशेब नेमका तेथेच सापडतो.

पानावर दिसणारा पिवळा पट्टा डाग समजून पुसायला जाऊ नये. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ हे पिवळे खनिज लावून त्यावर दुरुस्ती करण्याची जुनी रीत होती, तेव्हा तो पट्टा मजकुराचा भाग आहे आणि पाठभेदाच्या अभ्यासकाला तो फार मोलाचा वाटतो. हरताळात आर्सेनिक असते. म्हणून बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय असेल, तर ती पहिल्याच दिवशी सोडावी आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. याच संदर्भात आणखी एक गल्लत होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या शिळाछापखान्यांतून, म्हणजे दगडावरून छपाई करणाऱ्या छापखान्यांतून, पोथीच्याच आकारात, सुट्या पानांवर, वळणदार हस्ताक्षरात ग्रंथ छापले गेले आणि आजही त्यांतले काही हस्तलिखितांच्या कपाटात बसलेले आढळतात. भिंगातून पाहावे: बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई कोठे दाट, कोठे फिकी असते आणि लेखणी शाईत बुडवल्याची जागा ओळखू येते, शिळाप्रतीत शाई सर्वत्र सारखी पसरलेली दिसते. शेवटचे पानही नीट वाचावे, तेथे बहुधा छापखान्याचे नाव मिळते.

कालनोंदीच्या चुका यादीत एकदा शिरल्या की पुढच्या अभ्यासकांच्या तळटीपांतून फिरत राहतात. शकात सरसकट ७८ मिळवून इसवी सन काढला जातो. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस झालेला शिवराज्याभिषेक जून १६७४ मधला, म्हणजे येथे ७८ बरोबर आहेत. पण त्याच शकातील माघ महिना १६७५ मध्ये पडतो आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. मोडी पत्रांत शुहूर सन ही कालगणना असेल तर मिळवायचा आकडा ५९९ किंवा ६००, आणि दख्खनी फसली ही महसुली कालगणना असेल तर ५९० किंवा ५९१. पत्रातील ‘छ’ आणि त्यापुढचा आकडा हा जावक क्रमांक नसून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख असते, हेही लक्षात ठेवावे. पोथीच्या समाप्तिलेखातील, म्हणजे लेखनिकाने शेवटी लिहिलेल्या नोंदीतील, शकावर तर एकट्याने भरवसा ठेवूच नये, कारण पुष्कळ लेखनिकांनी समोरच्या प्रतीतला समाप्तिलेख शकासकट उतरवून घेतलेला असतो. कागद, शाई आणि अक्षरवळण उत्तरकालीन वाटत असेल, तर नोंदीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात आणि शंका दाबून ठेवू नये.

खासगी कागदपत्रांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडल्यावर ते तारीखवार किंवा विषयवार लावण्याचा मोह होतो. देणगीदाराने कोणते पत्र कोणत्या हिशेबासोबत बांधून ठेवले होते, हीच पुष्कळदा एकमेव माहिती उरलेली असते आणि ती एका दुपारच्या आवराआवरीत कायमची नाहीशी होते. क्रम बदलण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याला मऊ पेन्सिलीने क्रमांक द्यावा. विषयवार मांडणी यादीत करता येते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत. गंजलेली टाचणी ओढून काढू नये. कागद आणि टाचणी यांच्यामध्ये पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून ती सावकाश सोडवावी.

दुरुस्तीविषयी थोडक्यात सांगायचे, तर साहाय्यकाने ती करूच नये. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन केलेले पान तर पुन्हा पूर्वस्थितीत आणणे जवळजवळ अशक्य असते. फाटलेले पान आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवून सुती फितीने सैलसर बांधावे आणि संवर्धकाची वाट पाहावी. पांढऱ्या सुती हातमोज्यांचा आग्रहही सोडावा. त्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि ठिसूळ कडा धाग्यात अडकून तुटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरेसे आहेत. छायाचित्रे आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे घालावेत, तेही नायट्राइलचे.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, दमटपणा सतत ६५ टक्क्यांवर राहिला की बुरशी धरते. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडीफार दूर राहत असेल, पण बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवणे हे मुळीच न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकते, कारण थंड झालेल्या ग्रंथांवर दमट हवेतले पाणी साचते. वीजबिलाचा प्रश्न असेल, तर यंत्र बंद ठेवून पंखे आणि आर्द्रताशोषक यंत्र अखंड चालवावे. ग्रंथ भिजलेच, तर उन्हात टाकू नयेत. पानांमध्ये टीपकागद घालून, तो वारंवार बदलत, वाहत्या हवेत वाळवावेत. बुरशी साधारण ४८ तासांत सुरू होते, म्हणून ‘सोमवारी पाहू’ हे उत्तर चालत नाही. नग फार असतील, तर ते शीतपेटीत गोठवून ठेवल्यास विचार करायला उसंत मिळते.

वाचनकक्षात एका वेळी एकच नग द्यावा, पाने देताना आणि परत घेताना मोजावीत आणि टेबलावर पेन्सिलीखेरीज काही लिहायला नसावे. मोबाइलवर छायाचित्र घेऊ द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर साहाय्यकाच्या मर्जीवर न सोडता देणगीपत्रात शोधावे. येथे एक गैरसमज रुजलेला आहे: पत्रे ग्रंथालयाच्या मालकीची झाली, म्हणजे ती छापण्याचा हक्कही मिळाला. प्रताधिकार पत्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो, ज्याला पत्र आले त्याच्याकडे नव्हे. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र ते प्रथम प्रकाशित झाल्यापासून मोजली जातात. म्हणून देणगी स्वीकारतानाच दात्याकडे कोणते हक्क आहेत आणि त्यांतले कोणते तो ग्रंथालयाला देत आहे, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे आणि त्या लेखाची प्रत दाखल नोंदवहीतील क्रमांकाशी जोडून ठेवावी.