गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात आणि उलट जाताना: नौकाविहारात व पोहण्यात या चुका टाळा

गोडे आणि खारे पाणी दिसायला सारखेच असते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तळ्यात होडी चालवायला शिकलेला माणूस समुद्रावर जाताना अंगवळणी पडलेल्या सवयी सोबत घेऊन जातो, आणि समुद्रात पोहण्यात तरबेज असलेला माणूस धरणाच्या जलाशयात उतरतो तेव्हाही तेच होते. एकाच पाण्यात वर्षानुवर्षे वावरणाऱ्याला त्या पाण्याच्या खोड्या ठाऊक असतात. पाणी बदलले की त्याची भंबेरी उडते, कारण काय बदलले आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

पहिली चूक पाण्याच्या नावावर विसंबण्याची असते. कॅस्पियनला समुद्र म्हणतात, पण त्याचा खारटपणा महासागराच्या साधारण एक तृतीयांश आहे. मृत समुद्र हे खरे तर सरोवर असून त्याचे पाणी महासागराच्या सुमारे दहापट खारट आहे. महासागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, तर बाल्टिक समुद्राच्या मोठ्या भागात पृष्ठभागावरच्या पाण्यात ते जेमतेम ७ ग्रॅम भरतात. खाडीचा प्रकार तर आणखी फसवा असतो. भरतीला जिथे खारे पाणी असते, तिथेच ओहोटीला नदीचे गोडे किंवा मचूळ पाणी वाहते. शिवाय खारे पाणी जड असल्याने ते गोड्या पाण्याच्या खालून पाचरीसारखे आत शिरते. त्यामुळे वरचे पाणी चाखून ते गोडे लागले, तरी इंजिनाचा खालचा भाग खाऱ्या पाण्यात बुडालेला असू शकतो. खाडीत चालणारी प्रत्येक होडी समुद्रातली समजूनच सांभाळावी, हे माझे ठाम मत आहे.

वजनाची नको तिथे चिंता

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. गोड्या पाण्याच्या एका घनमीटरचे वजन १००० किलो धरले, तर समुद्राच्या पाण्याचे साधारण १०२५ किलो भरते. यावरून ‘तळ्यात होडी जास्त बुडते, म्हणून माणसे कमी बसवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. गणित मांडून पाहू. माणसे आणि सामान धरून १२०० किलोची होडी गोड्या पाण्यात १२०० लिटर पाणी बाजूला सारते आणि समुद्रात सुमारे ११७१ लिटर. फरक २९ लिटरचा आहे. पाण्याच्या रेषेवर होडीचा छेद ८ चौरस मीटरचा असेल, तर ती तळ्यात चार मिलिमीटरहूनही कमी जास्त बुडेल. होडीतल्या एका माणसाने जागा बदलली तरी यापेक्षा जास्त फरक पडतो.

मोठ्या जहाजाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पेटीसारख्या आकाराचे एखादे जहाज समुद्रात दहा मीटर बुडत असेल, तर नदीतल्या बंदरात ते आणखी पंचवीस सेंटिमीटर खाली जाईल, आणि गाळाने उथळ झालेल्या प्रवेशमार्गात तेवढ्यानेच ते तळाला टेकू शकते. म्हणून जहाज कुठवर बुडू द्यायचे हे दाखवणाऱ्या ज्या भाररेषा त्याच्या कुशीवर रंगवलेल्या असतात, त्यांत गोड्या पाण्याची रेषा समुद्राच्या रेषेच्या वर काढलेली असते. ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिमसोल यांनी धरलेल्या आग्रहामुळे १८७६ साली भाररेषा कायद्याने बंधनकारक झाली, आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. छोट्या होडीवाल्याने मात्र उत्पादकाने ठरवून दिलेली भारमर्यादा दोन्ही पाण्यांत सारखीच पाळावी आणि आपली काळजी पुढच्या गोष्टींसाठी राखून ठेवावी.

नवाकोरा दिसणारा झिंक

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या काठावर बाहेरून बसवलेल्या, इंजिनाच्या खालच्या भागावर, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याजवळ, राखाडी धातूचा एक छोटा ठोकळा बसवलेला असतो. त्याला ॲनोड म्हणतात. बोलताना सगळे सरसकट ‘झिंक’च म्हणतात, मग तो कोणत्याही धातूचा असो. त्याचे काम झिजणे हेच आहे. पाण्यात एकमेकांना जोडलेले दोन वेगवेगळे धातू असले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू विरघळत जातो. ॲनोड स्वतः विरघळून इंजिनाच्या ॲल्युमिनियमला वाचवतो.

समुद्रासाठी जस्ताचा ॲनोड चालतो. तोच ॲनोड गोड्या पाण्यात महिनोन्महिने ठेवला की त्यावर पांढुरका, टणक थर चढतो आणि त्याचे काम थांबते. मी स्वतः असा ठोकळा हातात घेऊन ‘वर्षभरात काहीच झिजला नाही, माल उत्तम आहे’ असे समाधान मानले होते. नंतर त्याच्या मागच्या बाजूला इंजिनाचा रंग फुगलेला दिसला. नखाने टोकरल्यावर रंगाखालून पांढरी भुकटी गळाली आणि धातूत मसुराएवढे खड्डे निघाले. ॲनोड झिजला नव्हता, कारण त्याच्या वाट्याचे झिजणे इंजिनाने केले होते. तेव्हापासून न झिजलेला ॲनोड दिसला की मला धास्ती वाटते.

गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा ॲनोड घ्यावा, कारण गोड्या पाण्यातून वीज कमी वाहते आणि तिथे अधिक क्रियाशील धातू लागतो. पण मॅग्नेशियम घेऊन समुद्रात जाणे ही उलट बाजूची चूक ठरते: तिथे तो काही आठवड्यांतच संपू शकतो, आणि त्याच्या अतिजोरामुळे ॲल्युमिनियमवरचा रंगही सुटू लागतो. दोन्ही पाण्यांत ये-जा करणाऱ्यांनी आणि खाडीतल्या लोकांनी खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ॲनोड बसवावा. वेगवेगळ्या धातूंचे ॲनोड एकत्र लावू नयेत, ॲनोडवर रंग देऊ नये, बसवण्याची जागा घासून धातू उघडा करावा, आणि ठोकळा निम्मा झाला की बदलावा.

इंजिन धुण्याचा कंटाळा

बहुतेक आउटबोर्ड इंजिने बाहेरचेच पाणी आत ओढून थंड होतात. समुद्रातून परतल्यावर इंजिन बंद केले की आत राहिलेले पाणी वाळते आणि मीठ अरुंद मार्गांत साचते. पाणी जितके तापेल तितके क्षार लवकर बसतात, म्हणून समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनांचे थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपा) सहसा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तुलनेने लवकर उघडणारे असतात. प्रत्येक फेरीनंतर इंजिन आतून गोड्या पाण्याने धुणे हाच यावरचा उपाय आहे. ते इंजिन चालू ठेवून करायचे की बंद ठेवून, हे इंजिनाच्या बनावटीवर अवलंबून असते, आणि माहितीपुस्तिका न पाहता अंदाजाने केलेले धुणे न धुण्याइतकेच महाग पडू शकते. कारण पाण्याशिवाय इंजिन सुरू केले तर पाणी ओढणाऱ्या आतल्या पंपाचा इंपेलर, म्हणजे रबरी पात्यांचे चाक, पाहता पाहता जळून जातो.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार ही त्याची नाडी समजावी. धार कमी झाली, तर आधी इंजिन बंद करून पाणी आत घेणाऱ्या जाळीत प्लॅस्टिक किंवा शेवाळ अडकले आहे का ते पाहावे. मग धारेच्या छिद्रात बारीक नायलॉनची दोरी घालून मीठ वा चिखल काढावा. एवढ्याने भागले नाही तर इंपेलर तपासावा. धार जोरात असूनही इंजिन तापत असेल, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. तळ्यात चालणाऱ्यांनीही हे वाचून निश्चिंत होऊ नये: उथळ पाण्यातली वाळू आणि गाळ इंपेलर खरवडतात, त्यामुळे धुणे त्यांनाही चुकत नाही.

ट्रेलरचा विसर तर जवळपास सगळ्यांनाच पडतो. लांबून ओढून आणलेल्या ट्रेलरची बेअरिंग तापलेली असतात. ती तशीच खाऱ्या पाण्यात उतरवली की आतली हवा आकसते आणि पाणी शोषले जाते. आधी चाके निवू द्यावीत, मगच ट्रेलर पाण्यात न्यावा.

तळ्याच्या हिशेबाने टाकलेला नांगर

तळ्यात पाण्याची पातळी दिवसभरात जवळपास स्थिर असते. समुद्रात लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि मधल्या काळात पातळी कित्येक मीटर वरखाली होऊ शकते. समजा, ओहोटीला दोन मीटर खोलीत नांगर टाकला, होडीचा नाळेकडचा काठ पाण्यापासून एक मीटर उंच आहे, आणि उंचीच्या पाचपट दोर सोडायचा या नियमाने १५ मीटर दोर सोडला. पाणी ३.६ मीटर चढले की एकूण उंची ६.६ मीटर होते आणि तोच दोर सव्वादोन पटीवर येतो. नांगर उभा ओढला जातो, जमीन सोडतो आणि होडी वाहू लागते. भरतीच्या हिशेबाने ३३ मीटर दोर हवा होता, आणि तेवढ्या दोरावर होडी फिरायला मोकळी जागाही हवी.

पातळी एकसारख्या वेगाने बदलत नाही, हेही नवख्यांना ठाऊक नसते. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि शेवटच्या तासाला एक भाग चढतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात तिसऱ्या आणि चौथ्या तासांतच १.८ मीटर पाणी चढते, आणि प्रवाहही त्याच वेळी सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे आकडे वाढतात, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात कमी होतात.

तळ्यात मुंग्या आल्यासारखे वाटणे

या लेखातली सर्वांत गंभीर चूक हीच आहे. ‘खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते, म्हणून विजेचा धोका समुद्रात’ असे वाटणे स्वाभाविक आहे, पण किनाऱ्यावरून वीज घेणाऱ्या, धक्क्याला (जेट्टीला) लागलेल्या बोटींजवळ पोहणाऱ्याच्या बाबतीत प्रकार नेमका उलटा असतो. समुद्राचे पाणी मानवी शरीरापेक्षा चांगले वाहक असल्याने गळती होणारी वीज बरीचशी शरीराला वळसा घालून जाते. गोडे पाणी शरीरापेक्षा वाईट वाहक असते. त्यामुळे विजेला पोहणाऱ्याच्या अंगातून जाणारा मार्ग सोपा पडतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहानेही स्नायूंवरचा ताबा सुटू शकतो, आणि चांगला पोहणारा माणूस न ओरडता बुडतो.

म्हणून बोटींना किनाऱ्यावरून वीज पुरवली जाते अशा धक्क्याजवळ पोहूच नये. अंगात मुंग्या आल्यासारखे वाटले, तर शिडी किंवा बोट पकडायला जाऊ नये. आलो त्याच दिशेने, धक्क्यापासून दूर पोहत ओरडून वीज बंद करायला सांगावे. वर उभ्या असलेल्यांनी उडी मारण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा, आणि मग फळी, दोर किंवा तरंगणारी वस्तू टाकावी.

समुद्रातला आत्मविश्वास तळ्यात

होडीला न जाणवणारे अडीच टक्के पोहणाऱ्याला मात्र जाणवतात. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण बुडालेल्या स्थितीत समुद्रात सुमारे पावणेदोन किलोचा आधार जास्त मिळतो. श्वास भरलेला असताना बहुतेक माणसे गोड्या पाण्यातही तरंगतात. श्वास सोडला की त्यांतली बरीच खाली जाऊ लागतात. समुद्रात सहज वर राहणारे पाय तळ्यात खाली ओढल्यासारखे वाटतात, गती मंदावते आणि दमही लवकर लागतो. समुद्रात किती अंतर पोहलो यावरून तळ्याचा पल्ला ठरवू नये. पहिले दोन-तीन दिवस काठाला समांतर पोहावे. मृत समुद्रात पालथे पोहण्याचा प्रयत्न करणाऱ्याची अडचण याच्या विरुद्ध असते: पाय इतके वर उचलले जातात की तोंड पाण्यात जाते आणि पुन्हा उताणे होणे अवघड पडते, म्हणून तिथे पाठीवरच राहावे.

खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि खालचा बराच थंड असतो. काठावर हात घालून ‘पाणी छान आहे’ असे म्हणत सूर मारला, की त्या गारठ्याने आपोआप खोल श्वास ओढला जातो, आणि तोही पाण्याखाली.

जेलीफिशचा दंश गोड्या पाण्याने धुणे ही तळ्याकडच्या लोकांची हमखास चूक असते. त्वचेला चिकटलेल्या, न फुटलेल्या दंशपेशी गोड्या पाण्याच्या स्पर्शाने फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, शुंडके चिमट्याने काढावीत, चोळू नये. कोमट गोड्या पाण्याची चिंता वेगळी: नाकात पाणी शिरून होणारा नेग्लेरिया या अमीबाचा संसर्ग दुर्मिळ असला तरी जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो, म्हणून अशा पाण्यात उडी मारताना नाक दाबून धरावे. उघडी जखम घेऊन कोमट खाऱ्या वा मचूळ पाण्यात उतरू नये, कारण व्हिब्रिओ जातीचे जिवाणू तिथे वाढतात. आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पाणी गोडे होते की खारे, यावर वेळ घालवू नये. दोन्हींत ऑक्सिजनच तुटलेला असतो, आणि श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास लगेच सुरू करायचा असतो.

लाकूड, फायबर आणि न वाळवलेली होडी

खारे पाणी ते सगळे नासवणारे, ही समजूतही पुरती खरी नाही. लाकडी होडीला कुजवते ते बहुधा आत साचलेले पावसाचे गोडे पाणी. समुद्रात तिचा शत्रू लाकूड पोखरणारा शिंपलावर्गीय जीव असतो. १६२८ साली स्टॉकहोमजवळ बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ साली जवळपास अखंड वर काढता आले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे बाल्टिकच्या अल्पखारट पाण्यात हा जीव टिकत नाही. फायबरच्या होडीच्या तळाला येणारे फोड तर गोड्या पाण्यातच जास्त दिसतात, कारण बाहेरचे पाणी जितके कमी क्षारांचे, तितके ते आत जोराने झिरपते. अशी होडी वर्षातून काही आठवडे तरी पाण्याबाहेर कोरडी ठेवावी.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी नेतानाही वाळवणे तितकेच आवश्यक असते. झेब्रा शिंपले हे उपद्रवी परके जीव १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आढळले आणि तिथून होड्यांना चिकटून व त्यांत साचलेल्या पाण्यातून दूरवरच्या जलाशयांत पोहोचले. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तळ घासावा, बिल्जमधले (होडीच्या तळातल्या खोलगट जागेतले) आणि इंजिनातले पाणी त्याच काठावर काढून टाकावे, आणि ओला दोर, नांगर व लाइफजॅकेट उन्हात पसरून पूर्ण सुकल्यावरच पुढच्या पाण्यात न्यावे.