कोल्हापूरच्या गव्हात तांबेरा-प्रतिकारक जनुक कसे आणावे

ऊस तुटून रान मोकळे व्हायला डिसेंबर उजाडला की गव्हाची पेरणी लांबते, आणि फेब्रुवारीचे ऊन चढायच्या आत दाणा भरायला दिवस पुरत नाहीत. त्यात पानावरचा तांबेरा आला तर हिरवे पानच उरत नाही. आपला वाण तसाच ठेवून त्यात फक्त प्रतिकारशक्ती घालायची असेल तर बॅकक्रॉस (संकर पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी जोडणे) आणि डीएनए मार्कर (जनुक आहे की नाही हे दाखवणारी डीएनएवरची खूण) ही जोडी वापरावी. इथे उदाहरण एलआर ३४ या जनुकाचे घेतले आहे. ते तांबेरा पूर्ण थांबवत नाही, त्याची वाढ धिमी करते, आणि तरीही अनेक दशके टिकून आहे.

दात्याचा, म्हणजे जनुक देणाऱ्या वाणाचा विषय निघाला की कृष्णाकाठी पहिले नाव खपली गव्हाचे येते. या कामाला खपली चालत नाही. तिच्यात ए आणि बी हे दोनच जनुकसंच, म्हणजे २८ गुणसूत्रे असतात; साध्या गव्हात डी धरून ४२. एलआर ३४ बसते डी संचातल्या ७डी गुणसूत्रावर. त्यामुळे दाता साध्या गव्हाचाच हवा, उदाहरणार्थ थॅचर वाणावर तयार केलेली आरएल ६०५८ ही ओळ. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे एसआर २ हे जनुक मात्र खपलीच्याच जातकुळीतून, यारोस्लाव एमर या गव्हातून साध्या गव्हात आले. त्या वाटेने जायचे तर साधा गहू मादी ठेवा. पहिल्या पिढीत ३५ गुणसूत्रांची, बरीचशी वांझ झाडे मिळतील हे धरूनच चाला. काही जोड्यांत रोपांची पाने टोकाकडून वाळत जातात. तो रोग नसतो. दोन पालकांतली एनई १ आणि एनई २ ही जनुके एकत्र आली की असे होते. फवारणीवर पैसे घालवू नका, पालकांची जोडी बदला.

पेरणीआधी दोन्ही पालकांची मार्कर तपासणी करा. तुमच्या वाणात एलआर ३४ आधीच असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मादी वाण १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान पेरा. दाता ८ ते १० दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत टाका आणि पहिला हप्ता मादीच्या आधी पेरा. थंड मुलखातले दाते आपल्याकडच्या लहान दिवसांत उशिरा ओंबी टाकतात.

खरी कसोटी ओंबीवर लागते. मादीची ओंबी पोटरीतून नुकतीच बाहेर पडत असताना निवडा. एक फूल उघडून पाहा: परागकोष हिरवे असतील तर वेळ योग्य, पिवळसर झाले असतील तर ती ओंबी सोडून द्या. तळाचे आणि शेंड्याचे झुपके खुडा. उरलेल्या प्रत्येक झुपक्यातली मधली फुले चिमट्याने ओढून काढा आणि कडेची दोनच ठेवा. तुसाचा वरचा तिसरा भाग कात्रीने छाटला की आत तीन परागकोष दिसतात. टोकदार चिमटा तुसाच्या आतल्या कडेने घालून तिन्ही एकदम उचला. परागकोष चिमट्यात फुटला तर ते फूल काढून टाका आणि चिमटा स्पिरिटने पुसा. कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या मादी भागाला, धक्का लागला तर दाणाच धरत नाही. शेवटी बटर पेपरची पिशवी चढवून तिच्यावर तारीख लिहा.

दोन ते चार दिवसांत कुक्षी पिसासारखी फुलारते. सकाळी दात्याची फुलायला आलेली ओंबी तोडून तिचीही तुसे छाटा आणि ती काही मिनिटे उन्हात धरा. परागकोष वर येऊन पिवळी पूड सांडू लागले की मादीच्या पिशवीचे वरचे तोंड कापून ओंबी आत उलटी घाला, दोन-तीनदा फिरवा आणि पिशवी पुन्हा बंद करा. चिठ्ठीवर आधी मादीचे नाव, मग नराचे, दोन्ही तारखा आणि काम करणाऱ्याची आद्याक्षरे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई दवाने पसरते. संकराचे दाणे बारीक आणि सुरकुतलेले निघतात. ते टाकू नका, कुंडीत उगवून घ्या.

रोपे १० ते १५ दिवसांची झाली की प्रत्येकाच्या कोवळ्या पानाचा सुमारे १०० मिलिग्रॅमचा तुकडा घ्या. डीएनए काढायला सीटीएबी पद्धत पुरते: ६५ अंशांवर अर्धा ते एक तास, मग क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपॅनॉल आणि शेवटी ७० टक्के इथेनॉलची धुलाई. इथेनॉल पूर्ण उडू द्या, राहिले तर पीसीआर (मार्करच्या तुकड्याच्या प्रती वाढवणारी क्रिया) अडते. हे तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या दिसतात. सीएसएलव्ही ३४ या मार्करची १५० बेस (डीएनएची एकके) लांबीची पट्टी जनुक असल्याचे सांगते, २२९ ची नसल्याचे. संकरात दोन्ही पट्ट्या येतात, कधी वर तिसरी फिकटही दिसते. नुसती २२९ आली तर परागकोष राहून मादीचे स्वतःचेच बी धरले आहे, ते रोप उपटा. प्रत्येक जेलवर दोन्ही पालक आणि निव्वळ पाणी असे तीन नमुने चालवा. पाण्याच्या रकान्यात पट्टी दिसली तर ते संपूर्ण जेल बाद समजा.

संकराचे झाड पुन्हा मूळ वाणाशी जोडले की निम्म्या रोपांत जनुक उतरते. निदान एक तरी मिळावे अशी ९९ टक्के खात्री हवी तर गणिताने ७ रोपे पुरतात, पण दिसायला मूळ वाणासारखे रोप निवडता यावे म्हणून ४० तरी वाढवा. पहिल्या बॅकक्रॉसला मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के असतो, दुसऱ्याला ८७.५. त्यानंतर झाड स्वपरागित होऊ द्या आणि फक्त १५० ची पट्टी असलेली रोपे ठेवा. ती चारात एक मिळतात, म्हणून कमीत कमी १७ तपासा. वर्षाला एक रब्बी धरली तर हे पाच हंगामांचे काम आहे. उन्हाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनसारख्या थंड ठिकाणी एक पिढी घेता आली तर बराच काळ वाचतो.

रोपावस्थेतल्या तांबेरा चाचणीवर निवड करू नका. एलआर ३४ चा परिणाम मोठ्या झाडावर दिसतो, आणि शेंड्याच्या पानाचे टोक वाळणे ही त्याची खूण आहे. कोल्हापूरच्या रानात मुद्दाम बीजाणू फवारू नका, शेजारच्या गव्हाचे नुकसान होईल. निवडलेल्या ओळी महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रात तपासून घेण्याची व्यवस्था करा. घरच्या रानात मूळ वाणाशेजारी उशिरा पेरून दाण्याचे वजन आणि पक्वतेचे दिवस मोजा. दात्याचा उशीर चिकटून आला असेल तर तो इथे उघड होतो, आणि मग आणखी एक बॅकक्रॉस करावा लागतो.