ताडोबाला जाताय? आधी गेट ठरवा आणि या चुका टाळा

ताडोबाला जायचं ठरलं की लोक सगळ्यात आधी रिसॉर्ट बघतात. स्विमिंग पूल आहे का, खोली कशी आहे, नाश्ता धरलाय का. पैसे भरून झाले की मग सफारीचं बुकिंग उघडतात आणि हव्या त्या तारखेला जे गेट शिल्लक असेल ते घेऊन टाकतात. दर सीझनला मी हेच बघतो, आणि दर वेळी तेच सांगतो: क्रम उलटा झाला.

ताडोबा-अंधारी म्हणजे एकच फाटक असलेली बाग नव्हे. 1955 सालचं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि 1986 साली जाहीर झालेलं अंधारी अभयारण्य मिळून याचा कोअर, म्हणजे आतला मुख्य गाभा होतो, तोच जवळपास 625 चौरस किलोमीटरचा. त्याभोवतीचा बफर, म्हणजे बाहेरचा पट्टा, त्याहूनही मोठा. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही कोअरची गेटं त्याच्या चारी अंगांना विखुरलेली आहेत. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला. ज्या गेटचं परमिट, त्याच गेटनं आत. दुसरीकडे ते चालत नाही.

पुण्याचं एक ओळखीचं कुटुंब आलं होतं. आजी-आजोबा, आई-वडील, दोन मुलं. एजंटानं राहायचं ठिकाण दिलं कोलाऱ्याजवळ आणि सकाळची सफारी दिली मोहर्लीची. आदल्या रात्री मला फोन: "काका, इथला मॅनेजर म्हणतोय तुमचं गेट हे नाहीच!" जंगलाला बाहेरून वळसा घालून जायचं म्हटलं तर ते पहाटे तासाभरात होणारं काम नाही. मी म्हटलं, तीनला निघा. ते निघाले चारनंतर. डिसेंबरचं धुकं, रस्त्याचा अंदाज नाही. मोहर्लीला पोचले तेव्हा बाकीच्या जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, कधीच आत गेल्या होत्या. त्यात खिडकीवर कागद तपासताना निघालं की आजोबांच्या नावापुढे एजंटानं पॅनचा नंबर टाकलाय आणि आजोबांच्या खिशात आहे आधार. पॅनकार्ड पुण्यात, कपाटात. शेवटी आजोबा गेटजवळच्या टपरीवर चहा घेत बसले आणि बाकीचे आत गेले, तोवर सकाळचा सगळ्यात चांगला वेळ उलटून गेला होता. या सहलीचा हट्ट आजोबांचाच होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. आधी कुठून येणार ते बघायचं. रेल्वेनं चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणार असाल तर मोहर्ली सोयीचं, नागपूरहून गाडीनं येणार असाल तर कोलारा किंवा नवेगाव. मग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून परमिट स्वतः काढायचं, प्रत्येकाचं ओळखपत्र समोर ठेवून. तेच मूळ ओळखपत्र लगेच प्रवासाच्या बॅगेत टाकायचं. परमिट हातात आलं की त्याच गेटजवळ राहायचं बघायचं. "एजंट करतो सगळं" म्हणणाऱ्यांनी निदान परमिटवरचं गेटचं नाव तरी स्वतः वाचावं.

मंगळवारी कोअर बंद असतो, हे निघण्याआधी बघा. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद. तेव्हा बफरची काही गेटं चालू असतात, तीही पावसाच्या मर्जीवर.

आता दुसरी चूक, आणि हिचा मला खरा राग येतो. जिप्सीत बसल्याबसल्या ड्रायव्हरला सांगणं: "भाऊ, वाघ दाखवा, टीपचं बघू." त्या एका वाक्यानं सकाळ बिघडते. ड्रायव्हर मग इथून कॉल (वाघाची चाहूल लागल्यावर जनावरं देतात ती हाक) आला, तिथून कॉल आला, असं धूळ उडवत पळतो, आणि चार तास तुम्ही पुढच्या गाडीची धूळ खाता. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइडवर कारवाई झाली. पण त्या गाड्यांत बसून फोटो काढणारे कोण होते? वाघाला रस्ता मिळत नसेल तर "गाडी मागे घ्या" हे आपणच म्हणायचं असतं.

मी पाणवठ्याजवळ गाडी बंद करायला सांगतो आणि बसतो. आधी काहीच नसतं. मग वानरांची खॅक-खॅक सुरू होते, सगळी एकाच दिशेला बघत असतात. मागोमाग सांबर शेपटी वर करून पुढचा पाय आपटतं आणि एकदाच खणखणीत ओरडतं. चितळं उगाचही ओरडतात, सांबर सहसा नाही. म्हणून सांबर बोललं की मी हलत नाही, शेजारच्या गाड्या निघून गेल्या तरी. अशा बसण्यात कधी वाघ येतो, कधी अस्वल, कधी कोळसुनांची आख्खी टोळी पाण्यावर उतरते. ही रानकुत्री एकमेकांना शिट्ट्या घालून बोलावतात, हे धावत्या जिप्सीतून कुणाला ऐकू येणार? एका रात्रीत येऊन एका सफारीत "सगळं कव्हर" करणाऱ्यांना हे मिळणं कठीण. निदान तीन सफारी घ्या, त्यातली एक बफरची. बफर म्हणजे दुय्यम माल, हा समज काढून टाका, तिथेही वाघ फिरतात.

कपड्यांचं थोडक्यात: डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड शाल हवीच, नुसतं जॅकेट पुरत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. तेव्हा सुती पूर्ण बाह्या, ओला पंचा आणि भरपूर पाणी. भडक रंग आणि अत्तर नको.

अगदी लहान मुलांना दुपारच्या उन्हाळी सफारीला नेऊ नका. त्यांचे हाल होतात.

आणि मोबाइलवर फोटो काढायचं ठरवून येऊ नका. कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे. साधा का होईना कॅमेरा आणा, नाहीतर आठ बाय चाळीसची दुर्बीण. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर मी दुर्बीण घेईन.