पोकेमॉन शोडाऊनसाठी सहाजणांची टीम कशी बांधायची: एका किंगॅम्बिटपासून सुरुवात करून

शोडाऊनवर, म्हणजे पोकेमॉनच्या लढती ऑनलाइन खेळायच्या साइटवर, नवीन आलेल्या बऱ्याच जणांची पहिली टीम एकाच छापाची असते. सहा आवडते पोकेमॉन, सहाही मारकुटे, आणि प्रत्येकाकडे चार अटॅक. माझीही तशीच होती, लहानपणी टीव्हीवर बघितलेले सगळे गोळा केले होते आणि त्यात चॅरिझार्ड तर हवाच होता. समोरच्याने पहिल्याच टर्नला स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) टाकला आणि नंतर चॅरिझार्ड मैदानात आला तसा त्याचा अर्धा एचपी (जीव) गेला, कोणी हात लावायच्या आधीच. तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथे पोकेमॉन किती भारी आहे हा प्रश्न नंतरचा, आधी तो आत कसा येणार आणि संकट आलं की त्याच्या जागी कोण येणार हे बघायचं. कबड्डीत सातही जण चढाईवालेच घेतले तर कोपऱ्यात पाय कोण पकडणार, तसंच आहे हे.

खाली जे सांगतोय ते नवव्या जनरेशनच्या ओयू (ओव्हरयूज्ड) फॉरमॅटसाठी, म्हणजे एकास एक लढत, सहा विरुद्ध सहा, आणि सुरुवातीलाच दोघांना एकमेकांचे सहाही दिसतात. शोडाऊन ब्राउझरमध्ये फुकट चालतं, पोकेमॉन पकडायला किंवा लेव्हल वाढवायला लागत नाही, टीम बिल्डर उघडा आणि टाईप करा. टियर, म्हणजे कोण कुठल्या फॉरमॅटमध्ये बसतो त्या श्रेण्या, स्मॉगन या खेळाडूंच्या साइटचे लोक ठरवतात, कोण किती वापरला जातो त्यावरून, आणि कोणी फारच डोईजड झाला की मतदान घेऊन बॅनही करतात. त्यामुळे आज चालणारा पोकेमॉन सहा महिन्यांनी चालेलच असं नाही, टीम झाली की व्हॅलिडेट बटण दाबून बघायचं.

आधी जिंकायचं कसं ते ठरवा

पहिला पोकेमॉन निवडताना स्वतःला एकच विचारा, शेवटी समोरचे दोन-तीन उरले असताना मॅच कोण संपवणार? तो तुमचा हुकमाचा पत्ता. मी इथे किंगॅम्बिट घेतोय. डार्क आणि स्टील टाइप (कोणत्या टाइपचा मार किती लागतो ते यावरून ठरतं), अटॅक १३५, डिफेन्स १२०, आणि त्याची सुप्रीम ओव्हरलॉर्ड नावाची अ‍ॅबिलिटी अशी की आपला एकेक साथीदार पडला की याची ताकद १० टक्क्यांनी वाढते, पाच पडले तर ५० टक्के. वर सोर्ड्स डान्स केला की अटॅक दुप्पट. स्पीड फक्त ५० आहे, पण सकर पंच आधी लागतो म्हणून ते चालून जातं, मात्र समोरच्याने त्या टर्नला अटॅक निवडला नसेल तर सकर पंच फुकट जातो, आणि शेवटच्या क्षणी दोघेही एकमेकांच्या मनातलं ओळखत बसतात तो खेळातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

आता याला मारतं कोण ते लिहून काढा, खरंच कागदावर लिहा. फायटिंग चौपट लागतं, ग्राउंड आणि फायर दुप्पट. म्हणजे पुढचे पाचजण मनाला येतील तसे घ्यायचे नाहीत, या तीन शब्दांची उत्तरं म्हणून घ्यायचे.

मग त्याच्या भीतीला उत्तर शोधा

फायटिंगसाठी गॅलॅरियन स्लोकिंग. पॉयझन आणि सायकिक, दोन्ही फायटिंगला रेझिस्ट करतात, म्हणजे त्याचा मार अर्धा करतात, म्हणून फायटिंग अटॅक एक चतुर्थांशच लागतो. रिजनरेटर अ‍ॅबिलिटीमुळे बाहेर गेला की एक तृतीयांश एचपी आपोआप परत येतो, म्हणजे दर वेळी मार खाऊन जातो आणि ताजा होऊन येतो. स्लोकिंगला घोस्ट आणि डार्क दुप्पट लागतात, आणि किंगॅम्बिट नेमके हेच दोन्ही रेझिस्ट करतो. याचं दुखणं तो घेतो आणि त्याचं हा, टीममध्ये अशा एक-दोन जोड्या असतील तर खेळताना फार सोपं जातं.

पण ग्राउंड दोघांनाही दुप्पट लागतं. म्हणून ग्राउंड अजिबात न लागणारा कोणीतरी हवा, तिथे लँडोरस-थेरियन घेतला. फ्लाइंग असल्यामुळे अर्थक्वेकचा परिणामच नाही, इंटिमिडेटने समोरच्याचा अटॅक एक पायरी खाली येतो, आणि यू-टर्नने मारून बाहेर पडता येतं.

दगड टाका, दगड उचला

स्टेल्थ रॉक २००६ च्या डायमंड आणि पर्लमध्ये आला आणि तेव्हापासून टीम बांधायची पद्धतच बदलली. एकदा टाकला की समोरचा प्रत्येक पोकेमॉन आत येताना रॉक टाइपच्या हिशोबाने मार खातो. साधारण १२.५ टक्के, रॉकला वीक असेल तर २५, चौपट वीक असेल तर ५०. चॅरिझार्डचं तेच झालं होतं. एका मॅचमध्ये लोक पंधरा-वीस वेळा स्विच करतात, तेव्हा या टक्क्यांची बेरीज करून बघा म्हणजे कळेल की एका टर्नची ही मूव्ह इतकी का वापरली जाते. आपल्या टीममध्ये हे काम लँडोरसचं.

समोरचाही टाकणारच, म्हणून साफ करणारा एक हवाच, तिथे ग्रेट टस्क. ग्राउंड आणि फायटिंग, अटॅक आणि डिफेन्स दोन्ही १३१, रॅपिड स्पिन मारला की आपल्या बाजूचे दगड-काटे जातात आणि स्पीडही एक पायरी वाढतो. डिफॉगवाला (दगड हटवणारी दुसरी मूव्ह) का नाही घेतला, तर गोल्डेंगो या स्टील-घोस्ट पोकेमॉनमुळे. त्याच्या गुड अ‍ॅज गोल्ड अ‍ॅबिलिटीवर डिफॉग चालतच नाही. घोस्ट असल्यामुळे रॅपिड स्पिनही त्याला लागत नाही हे खरं, पण टस्कसमोर तो येईल कशाला, हेडलाँग रश आणि नॉक ऑफ दोन्ही त्याला दुप्पट लागतात. (एअर बलून, म्हणजे हवेत तरंगत ठेवणारी वस्तू, घेऊन आला असेल तर हेडलाँग रश लागणार नाही, नॉक ऑफच मारा.) शिवाय समोरच्याकडेही किंगॅम्बिट असू शकतो आणि टस्कचा क्लोज कॉम्बॅट त्याला चौपट बसतो.

स्पीडचं गणित डोळे झाकून करू नका

आतापर्यंत चार झाले, आणि चारही संथ किंवा मध्यम. पाचवा वेगवान हवा, नाहीतर समोरच्याने एकदा ड्रॅगन डान्स (अटॅक आणि स्पीड वाढवणारी मूव्ह) केला की आपण नुसतं बघत बसायचं. ड्रॅगापल्टचा बेस, म्हणजे मूळचा, स्पीड १४२, पूर्ण ईव्ही (स्टॅट वाढवायला वाटून द्यायचे पॉइंट) आणि स्पीड वाढवणाऱ्या टिमिड नेचरवर ४२१ होतो. बूस्ट नसलेल्यांपैकी फार थोडे त्याच्या पुढे जातात.

पण एक उदाहरण बघा, गोल्डेंगोचा बेस स्पीड ८४. टिमिड असेल तर २९३, चॉइस स्कार्फ घातला की दीडपट, म्हणजे ४३९, ड्रॅगापल्टच्या पुढे. तोच मॉडेस्ट नेचरचा, म्हणजे स्पीडऐवजी स्पेशल अटॅक वाढवणारा, असेल तर २६७ आणि स्कार्फसकट ४००, म्हणजे ड्रॅगापल्टच्या मागे आणि जॉली (हाही स्पीड वाढवणारा नेचर) झमाझेंटाच्याही (४१२) मागे. एका नेचरने कोण आधी मारणार ते उलटं होतं! म्हणून ईव्ही भरताना कोणाच्या पुढे जायचंय त्याचं नाव मनात ठेवून भरा. एकूण ५१० मिळतात, एका स्टॅटला जास्तीत जास्त २५२, आणि लेव्हल १०० ला चार ईव्हीला एक पॉइंट. नवीन असताना २५२, २५२, ४ टाकायला हरकत नाही, पण स्लोकिंगसारख्याला स्पीड देऊ नका, त्याने मागूनच हललेलं बरं. आधी मार तो स्वतः घेतो आणि मग चिली रिसेप्शनने बाहेर जातो, त्यामुळे पुढचा साथीदार ओरखडा न लागता आत येतो.

सहावा घेण्याआधी तक्ता मांडा

हाच टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते अर्ध्या टीम इथेच फसतात. पाचही नावं एका रांगेत लिहा, बाजूला १८ टाइप, आणि कोणाला काय दुप्पट लागतं त्यावर खूण करा. आपल्या पाचांचं केलं तर आइससमोर खुणाच खुणा, लँडोरसला चौपट, ग्रेट टस्कला दुप्पट, ड्रॅगापल्टला दुप्पट, आणि अडवायला एकटा किंगॅम्बिट, ज्याला आपण शेवटासाठी जपून ठेवणार आहोत. वर त्याच्या फायरच्या प्रश्नाला फक्त ड्रॅगापल्ट उत्तर आहे आणि ड्रॅगापल्ट काही मार खायला बनलेला नाही.

म्हणजे सहाव्याला आइस आणि फायर दोन्ही रेझिस्ट हवेत. प्रिमरीना. वॉटर आणि फेअरी, आइस, फायर, फायटिंग, डार्क सगळं रेझिस्ट करते, ड्रॅगन तर लागतच नाही, आणि स्पेशल अटॅक १२६ असल्यामुळे मूनब्लास्ट चांगलाच बसतो. तिला इलेक्ट्रिक दुप्पट लागतं पण आपल्याकडे दोन ग्राउंड आहेत, ग्रासही दुप्पट लागतं पण ड्रॅगापल्ट, स्लोकिंग आणि किंगॅम्बिट तिघंही ग्रास रेझिस्ट करतात. आता पूर्ण तक्ता परत बघा, सहापैकी एकालाही रॉक दुप्पट लागत नाही, म्हणजे समोरच्याचा स्टेल्थ रॉक कोणाचाही १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त एचपी खाणार नाही, टस्कचा तर जेमतेम ३ टक्के.

आवडता पोकेमॉन घ्यायचाच नाही का असं कोणी विचारलं की मी २०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप सांगतो. वॉशिंग्टन डीसीला दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पचिरिसू घेऊन आला आणि जिंकला, पचिरिसू म्हणजे सगळे स्टॅट मिळून ४०५, कोणी बघणार नाही असा. पण ती डबल्सची (एका वेळी दोन-दोन पोकेमॉन मैदानात) लढत होती, सोबत ग्यारडॉस होता ज्याला इलेक्ट्रिकची भीती, आणि पचिरिसू फॉलो मी करून अटॅक स्वतःवर ओढायचा, तो इलेक्ट्रिक असेल तर व्होल्ट अ‍ॅब्झॉर्बमुळे त्याचा उलट एचपीच वाढायचा. लाडका असू दे, पण त्याला काम असू दे.

सेट भरताना

किंगॅम्बिटला सोर्ड्स डान्स, सकर पंच, काऊटाव क्लीव्ह, आयर्न हेड. टस्कला रॅपिड स्पिन, हेडलाँग रश, नॉक ऑफ, क्लोज कॉम्बॅट. स्लोकिंगला चिली रिसेप्शन, फ्यूचर साइट, स्लज बॉम्ब, स्लॅक ऑफ आणि पायात हेवी-ड्यूटी बूट्स (दगडांचा मार लागू देत नाहीत), कारण तो सारखा आत-बाहेर करणार. लँडोरसला स्टेल्थ रॉक, अर्थक्वेक, यू-टर्न, टॉन्ट. ड्रॅगापल्टला चॉइस स्पेक्स (स्पेशल अटॅक वाढवणारा चष्मा), शॅडो बॉल, ड्रॅको मीटिअर, फ्लेमथ्रोअर, यू-टर्न. प्रिमरीनाला मूनब्लास्ट, सर्फ, सायकिक नॉइज, फ्लिप टर्न. तीन जण मारून किंवा न मारता बाहेर पडू शकतात आणि चौथी प्रिमरीना, हे मुद्दाम आहे, कारण किंगॅम्बिटला शेवटपर्यंत जपायचं तर बाकीच्यांनी फिरत राहिलं पाहिजे. फ्यूचर साइट दोन टर्न नंतर बसते, तोपर्यंत ड्रॅगापल्ट किंवा टस्क आत आणला की समोरच्याला एकाच वेळी दोन बाजूंनी मार.

टेरा, म्हणजे लढतीत पोकेमॉनचा टाइप बदलणं, पूर्ण मॅचमध्ये एकदाच मिळतो म्हणून तो हुकमाच्या पत्त्याची भीती घालवायला ठेवा. किंगॅम्बिटला टेरा फ्लाइंग दिला तर चौपट लागणारं फायटिंग अर्ध्यावर येतं आणि ग्राउंड लागतच नाही. काही लोक टेरा डार्क देतात, मूळचाच टाइप असल्यामुळे सकर पंचचा टाइप जुळल्याचा बोनस दीडपटीवरून दुप्पट होतो. मला फ्लाइंग जास्त आवडतो. ड्रॅगापल्टला टेरा घोस्ट द्या, पण तो वापरायची घाई करू नका.

आता खेळा, आणि लगेच काही बदलू नका

लॅडर, म्हणजे शोडाऊनवरची क्रमवारी, १००० पासून सुरू होतो. पहिल्या पंधरा-वीस मॅच टीमला हातच लावायचा नाही, हरलात तरी, कारण दोन मॅच हरल्यावर एक पोकेमॉन बदलला की तक्त्यात दुसरीकडे भोक पडतं आणि मग तेच चक्र. त्याऐवजी प्रत्येक हरलेल्या मॅचचा रिप्ले सेव्ह करा आणि एवढंच लिहा की कोणी मारलं आणि त्या वेळी माझ्याकडे आत आणायला कोण होतं. कोणी होतं पण तुम्ही आणलं नाही तर चूक खेळण्यात. कोणीच नव्हतं तर चूक टीममध्ये, आणि तेच नाव तीन-चारदा आलं तरच बदल करा.

या टीमला ते नाव बहुतेक वेलस्प्रिंग मुखवट्याच्या ओगरपॉनचं येईल, वॉटर आणि ग्रास. टस्कला तिचे दोन्ही टाइप दुप्पट लागतात, लँडोरसला वॉटर आणि प्रिमरीनाला ग्रास. ड्रॅगापल्ट तिचे दोन्ही रेझिस्ट करतो आणि स्पीडमध्ये पुढेही आहे (ती जॉली असली तरी ३५०), स्लोकिंगचा स्लज बॉम्ब तिला दुप्पट बसतो पण तिचा आयव्ही कजेल सारखा सारखा झेलण्याइतका डिफेन्स त्याच्याकडे नाही. म्हणून ती प्रिव्ह्यूमध्ये दिसली की ड्रॅगापल्टला आधी खर्च करू नका आणि तिला फुकटात आत येऊ देऊ नका. तरीही वीस मॅचनंतर वहीत तिचंच नाव असेल तर लँडोरस काढून तिथे दुसरा ग्राउंड न लागणारा शोधा, स्टेल्थ रॉक टस्ककडे द्या, आणि तक्ता पहिल्यापासून पुन्हा मांडा.