यादृच्छिक भ्रमणाने विद्युत विभव कसा काढावा

प्रभाररहित क्षेत्रात विद्युत विभव लाप्लासच्या समीकरणाचे पालन करतो, म्हणजेच कोणत्याही बिंदूवरील विभव हा त्याच्याभोवती त्या क्षेत्रातच काढलेल्या वर्तुळावरील किंवा गोलपृष्ठावरील विभवाची सरासरी असतो. यादृच्छिक भ्रमणाची, म्हणजे प्रत्येक पाऊल योगायोगाने निवडत चालण्याची, सारी रीत या गुणधर्मावर उभी आहे.

सरावासाठी एक बाजू १०० व्होल्ट आणि उरलेल्या तीन शून्य व्होल्ट असलेला चौरस घ्यावा. त्यात जाळी आखून मध्यबिंदूपासून निघावे, प्रत्येक पावलाला चार शेजाऱ्यांपैकी एक समान संभाव्यतेने निवडावा, आणि सीमा गाठताच तेथील विभव नोंदवून पुन्हा मध्यापासून सुरुवात करावी. या नोंदींची सरासरी हा उत्तराचा अंदाज होय. सममितीमुळे नेमके उत्तर २५ व्होल्ट असल्याने आज्ञावली तपासण्यास हे उदाहरण उत्तम आहे. येथे एका नोंदीचे प्रमाण विचलन सुमारे ४३.३ व्होल्ट असते, म्हणून १०,००० भ्रमणांनंतरही सरासरीत सुमारे ०.४३ व्होल्टची प्रमाण त्रुटी उरते, आणि ती दहापट घटवायची तर भ्रमणे शंभरपट करावी लागतात. ही त्रुटी न लिहिता नुसते उत्तर देणे मला अपुरे वाटते.

क्षेत्रात प्रभार असल्यास वाटेतील प्रत्येक आतल्या बिंदूवर, आरंभबिंदू धरून, प्रभारघनता गुणिले जाळीच्या अंतराचा वर्ग, भागिले पर्मिटिव्हिटीची (माध्यमाच्या विद्युत गुणधर्माचा स्थिरांक) चौपट, एवढी भर नोंदीत घालावी.

जाळीचा खरा दोष तिच्या संथपणात आहे. बाजूवर २० घरे असतील तर मध्यापासून सीमेपर्यंत सरासरी सुमारे ११८ पावले लागतात, तर १०० घरांना जवळजवळ २,९५०. म्हणून संख्याशास्त्रज्ञ मुलर यांनी १९५६ मध्ये मांडलेली गोलांवरील भ्रमणाची रीत वापरावी: सीमेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर त्रिज्या मानून गोल कल्पावा, त्याच्या पृष्ठावरील एक बिंदू समान वाटपाने निवडून तेथे उडी घ्यावी, आणि सीमा ठरवलेल्या सूक्ष्म अंतराच्या आत येताच थांबावे. हे अंतर फार लहान ठेवण्यास कचरू नये, कारण पावलांची संख्या त्याच्या व्यस्ताच्या लॉगरिदमच्या प्रमाणातच वाढते. एखाद्याच बिंदूवरील विभव हवा असेल आणि वाहकांचा आकार वेडावाकडा असेल, तेव्हा ही रीत मला सर्वांत पसंत आहे.

वाहकाची धारकताही, म्हणजे दर व्होल्टमागे त्यावर साठणारा प्रभार, अशीच मिळते. त्याला पूर्ण वेढणाऱ्या गोलावर समान वाटपाने भ्रमणे सुरू करावीत. वाहकापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण त्या गोलाच्या धारकतेने गुणले की झाले. मात्र दूर गेलेली भ्रमणे तेथेच तोडू नयेत, अन्यथा धारकता कमी भरते. गोलावर परत येण्याची संभाव्यता गोलाची त्रिज्या भागिले केंद्रापासूनचे अंतर इतकी असते. त्यानुसार परतणाऱ्या भ्रमणाला गोलावर पुन्हा ठेवताना जवळच्या बाजूला अधिक वजन द्यावे, कारण परतीचे वाटप समान नसते.